तलवारीवरचं लिंबू

वंशावळ आणा, असं डॉक्टर भार्गवीबाईंनी सांगितलं होतं आणि लालासाहेबांनी ती आणली. आणली म्हणजे काय, फ्रेम करून आणली. दर चार-पाच वर्षांनी दारात येऊन घराण्याच्या पिढ्या मोठ्यानं वाचून दाखवणारा हेळवी असतो, त्याच्या चोपडीतून उतरवून घेतलेल्या सात पिढ्या, एकेचाळीस पुरुष, सोनेरी काठ, वर काच. सांगलीच्या त्या दवाखान्याचा जिना चढताना काच सांभाळायला पुढं रिटायर सुभेदार लालासाहेब आणि मागं त्यांचा धाकटा भाऊ तानाजी. आणि ज्याला खरोखर कुणीतरी धरायला हवं होतं तो जयराज, सुभेदारांचा एकुलता एक लेक, वर्षभरापूर्वी पलटणीतून आजारपणाच्या रजेवर आलेला हवालदार, कठडा धरून एकेक पायरी चढत होता. रेश्मानं नवऱ्याच्या कोपराखाली हात घातला. पुढची वरात बघून तिला वाटलं, ती फ्रेम घ्यावी आणि सरळ खिडकीतून खाली सोडावी.

डॉक्टरांनी फ्रेम टेबलावर ठेवू दिली, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "यात जयराजच्या आई कुठं आहेत?"

"ती कशी असंल ह्यात?" लालासाहेब म्हणाले. "ही घराण्याची हाय."

"त्यांचे भाऊ? त्यांच्या आईचे भाऊ?"

"ते सोयरं. त्यांचं त्यांच्याकडं."

डॉक्टरांनी फ्रेम उचलून भिंतीला टेकवून ठेवली आणि पुण्याहून आलेला रक्ताचा रिपोर्ट पुढं ओढला. मग त्यांनी सांगितलं ते रेश्मानं कान देऊन ऐकलं, कारण तिला माहीत होतं की घरी गेल्यावर प्रत्येकजण आपापल्या सोयीचं तेवढंच लक्षात ठेवणार आहे. पुरुषाच्या अंगातलं हार्मोन, टेस्टोस्टेरॉन, जयराजच्या अंगात कमी नव्हतं, भरपूर होतं. पण ते पेशीत जाऊन ज्याला बिलगतं आणि ज्याच्याकडून कामं करवून घेतं, त्या रिसेप्टरच्या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हापुन्हा लिहिलेला असतो. कुणात अठरा वेळा, कुणात चोवीस वेळा. तेवढ्यानं माणसामाणसात थोडाफार फरक पडतो, बिघडत काही नाही. जयराजमध्ये तो सेहेचाळीस वेळा होता. एवढा लांबला की मग हार्मोन त्याला बिलगलं की नसांची आणि स्नायूंची झीज सुरू होते. हात थरथरणं, रात्रीचे पायात येणारे गोळे, हनुवटीचं उडणं, ज्या छातीपायी जयराजनं बराकीत शर्ट काढणं बंद केलं होतं ती बाईसारखी वाढलेली छाती, आणि सहा वर्षांत न झालेलं मूल, हे सगळं एकाच गोष्टीचं होतं. केनेडीचा आजार म्हणतात त्याला. बरा करायचं औषध अजून नाही, पण चालतो सावकाश. सांभाळून राहिलं तर माणूस त्याच्यासकट म्हातारा होतो.

"आणि ही इंजेक्शनं कुणी सुरू केली?" डॉक्टरांनी जुनी फाइल उघडली. दर तीन आठवड्यांनी एक, अकरा महिने.

कुणी म्हणजे? लालासाहेबांनी. पोराला मूल होईना, पोराचे दंड उतरले, म्हणून कुणाच्या तरी ओळखीनं ताकदीच्या इंजेक्शनाचा दवाखाना शोधून स्वतः मोटारसायकलवर बसवून नेत होते. मर्दाच्या अंगात मर्दाचं औषध गेलं की सगळं ठिकाणावर येतं, हे त्यांचं शास्त्र.

"सुभेदार, तुमची उसाची शेती आहे ना? पाटच वाकडा आहे, आणि तुम्ही वरून पाणी वाढवत सुटलात. बांध फुटणार नाही तर काय होईल? आजपासून बंद."

लालासाहेब खाली बघत राहिले. ते नेमके कधी वर बघणार हे रेश्माला ठाऊक होतं आणि तसंच झालं. हा दोष बापाकडून मुलाकडं येत नाही, आईकडून येतो, आईला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, असं डॉक्टर म्हणाल्या आणि सुभेदार ताठ झाले.

"म्हंजी आमच्या घराण्यातलं न्हाई."

पोरगा समोर बसलाय, त्याला पाण्याचा ग्लास धड धरता येत नाही, आणि या माणसाला घराणं सुचतंय. रेश्माच्या तोंडाशी आलेलं तिनं मोठ्या कष्टानं गिळलं.

डॉक्टर आता मनुबाईंकडं वळल्या. जयराजच्या आई कोपऱ्यातल्या स्टुलावर पदर घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांना भाऊ किती, असं विचारल्यावर त्यांनी आधी नवऱ्याकडं बघितलं.

"एक. मानसिंग. म्हसवडला असतो."

"त्यांना असं काही?"

"त्यो दारुडा हाय," लालासाहेब म्हणाले.

"हात थरथरतात?"

"दारूनं."

"पाय?"

"दारूनंच की."

"पाणी पिताना ठसका? बोलणं जड?"

इथं लालासाहेबांना दारू पुरली नाही. मनुबाई मात्र बोलायला लागल्या आणि थांबेचनात. लग्न लागताना नवरा-नवरीच्या पाठीशी ज्याचा त्याचा मामा नंगी तलवार घेऊन उभा राहतो, टोकाला लिंबू टोचून. त्यामुळं कुणाचा मामा कसा उभा होता, हे बायकांच्या पक्कं ध्यानात असतं. मनुबाईंच्या लग्नात त्यांचा गुंडामामा मांडवाच्या खांबाला पाठ लावून उभा होता. म्हशीनं ढकललं म्हणून कंबर गेली, असं सगळे म्हणायचे. त्यांच्या आईच्या लग्नात आईचा मामा ज्वारीच्या पोत्यावर बसून होता आणि त्यावरून बायका कितीतरी वर्षं हसत होत्या. डॉक्टर कागदावर गोल आणि चौकोन काढत गेल्या. अर्ध्या मिनिटात रेघ त्या पोत्यावरच्या मामापासून जयराजपर्यंत येऊन पोचली. वाटेत त्या एकेचाळीस जणांतला एकसुद्धा लागला नाही.

माधवनगरच्या घरी परतल्यावर मनुबाईंनी चपला काढल्या आणि पाणीसुद्धा न पिता बाजेवर बसून सांगून टाकलं, की नंदीच्या मागं मानसिंगच उभा राहील. त्याला बोलवायला लालासाहेबांनी स्वतः जायचं.

नंदी म्हणजे राजनंदिनी, जयराजची धाकटी बहीण. तिचं लग्न नऊ दिवसांवर आलं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि मामा म्हणून लालासाहेबांनी मनुबाईंचा चुलतभाऊ इंद्रजित ठरवला होता, कारखान्याचा संचालक, उंचापुरा, फोटोत शोभणारा. सख्खा मामा तीन तासांवर जिवंत असताना हा भाड्यानं आणल्यासारखा मामा कशाला, हे मनुबाईंनी तेव्हा विचारलं नव्हतं. ती चूक आज त्यांना डाचत होती.

घडलं होतं ते असं. सहा वर्षांमागं जयराज-रेश्माच्या लग्नात मानसिंग तलवार घेऊन जयराजच्या मागं उभा होता. तिसऱ्या मंगलाष्टकेला लिंबू थरथरायला लागलं. चौथीला ते गळून पडलं आणि अंतरपाटाखालून घरंगळत रेश्माच्या पायाशी आलं. माणसं हसली. लालासाहेब तरातरा पुढं गेले, मेव्हण्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि म्हणाले, ढोसून आलाय, काढा ह्याला बाहेर. भटजींचा माइक चालू होता. आठशे पाहुण्यांनी ते ऐकलं, मागं स्वयंपाकातल्या आचाऱ्यांनीसुद्धा ऐकलं. तलवार तानाजीच्या हातात गेली आणि मानसिंग न जेवता एसटीनं परत गेला. तेव्हापासून मनुबाईंनी भावाला भाऊबीजेला ओवाळलेलं नव्हतं.

लालासाहेबांना जायचं नव्हतं. सरळ नाही म्हणाले असते तर एक वेळ भांडून तरी मोकळं होता आलं असतं. पण ते नाही म्हणत नव्हते, नुसती एकेक अडचण काढत होते. इंद्रजितनं नवा फेटा घेतलाय, त्याला आता काय तोंड दाखवू? मनुबाई म्हणाल्या, सख्खा भाऊ हाय म्हणून सांगा. मग म्हणाले, मामा उभा ऱ्हातो, बसत न्हाई, रीत हाय. राजनंदिनी आतून रुखवताचं सामान घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

"आमच्या आजीचा मामा पोत्यावर बसला होता. माझा खुर्चीत बसेल."

ही पोरगी सांगलीत नोकरी करून बोलायला शिकली होती आणि लालासाहेबांना तिच्याशी वाद घालायचा म्हटलं की घाम फुटायचा. त्यांनी आवाज उतरवला. सोयरे विचारतील, मामाला काय झालंय. मग तिच्या आईचं निघेल, मग तिचं निघेल, आणि लग्न नऊ दिवसांवर. निदान हे कारण तरी खरं होतं. राजनंदिनीच्या रक्तात ते असायची शक्यता निम्मी होती, तेही डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"मी शिवतेजला सांगितलंय," राजनंदिनी म्हणाली. "वहिनीनं दवाखान्यातून कळवलं तसं, दुपारीच, फोनवर."

लालासाहेब बाजेच्या कडेला टेकले. साताऱ्याचं स्थळ, बँकेत अधिकारी, दोन वर्षं खेटे घालून जमवलेलं.

"मग?"

"तपासणी कधी करायची विचारलं. आणि मामांना आणायला गाडी पाठवू का म्हणाला. घरी तो स्वतः सांगणार आहे."

आता तरी माणसानं उठावं की नाही? तर म्हणे, ऊसतोडीची टोळी उद्या यायची हाय. इथं तानाजी बोलला. हा मनुष्य जन्मात कधी थोरल्या भावाच्या विरोधात बोलला नव्हता. टोळी सोमवारी येणार असल्याचं त्यानं सांगितलं आणि पुढं म्हणाला, "दादा, तलवार तुमी माझ्या हातात दिली तवा मानसिंगराव माझ्याकडं बघत हुतं. पिलेला माणूस तसा बघत न्हाई. मी सहा वर्सं बोललो न्हाई, त्ये माझं चुकलं."

"तुला काय कळतंय?" लालासाहेब म्हणाले. "मी वास घेतला हुता. आन दारू पीत नव्हता तर इतक्या वर्सांत सांगितलं का न्हाई?"

"कुणाला सांगंल?" मनुबाई म्हणाल्या. "तुमी ऐकलं असतंसा?" मग त्या सुनेकडं वळल्या. "रेश्मा, तू समोर हुतीस. तू सांग ह्यास्नी."

रेश्मा पडद्यांच्या घड्या घालत बसली होती. या बाईनं सहा वर्षांत तिला कधी वांझ म्हटलं नव्हतं, तेवढं खरं. फक्त शेजारच्या डोहाळजेवणाला तिला मागच्या रांगेत बसवलं होतं, हळदीकुंकवाला दुसरीच्या सुनेला पुढं केलं होतं आणि तिला चार डॉक्टर आणि दोन देवऋषी फिरवून आणलं होतं. जयराजची तपासणी करू म्हटल्यावर घरात कुणी आठ दिवस तिच्याशी बोललं नव्हतं. आणि आज सकाळपासून रिपोर्ट सगळ्यांच्या पुढ्यात होता, पण एकाच्याही तोंडून तिच्यासाठी शब्द निघाला नव्हता. तिनं सावकाश तीन पडदे घडी केले. मनुबाई वाट बघत राहिल्या.

"आबा, लिंबू पायाशी आलं म्हणून मी वर बघितलं," ती शेवटी म्हणाली. "मामांची हनुवटी उडत हुती. आता ह्यांची उडती, अगदी तशी. डोळं साफ हुतं. पाण्यानं भरलं हुतं, पण साफ हुतं." मग सासूकडं बघून म्हणाली, "आन आत्या, मला कोण काय म्हणणार हाय का, का पडद्याच्याच घड्या घालायच्या मी?"

मनुबाईंचा चेहरा पडला. त्या बोटातली अंगठी फिरवत बसल्या. शुक्रवारी घाणा भरायचा होता, लग्नाची हळद दळायचं जातं, आणि पहिला हात लेकुरवाळ्यांचा असतो.

"शुक्रवारी जात्यावर माझ्या जोडीला तू बसायचं," त्या म्हणाल्या. "कोण काय बोललं तर मी हाय." मग नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "आन ह्ये म्हसवडला गेलं न्हाईत, तर मी जात्याला हातच लावत न्हाई. लग्न कसं लावायचं त्ये तुमी आन इंद्रजित बघा."

ही माफी होती की नुसती कामाची वाटणी, ते रेश्माला कळलं नाही. पण तिनं मान हलवली.

एवढं होऊनही लालासाहेब मूळ धरल्यासारखे बसून राहिले. तेव्हा जयराज उठला. चहाची कपबशी दोन हातांत धरून तो बापासमोर आला. बशी वाजत होती आणि ती त्यानं वाजू दिली.

"आबा, तुमी अकरा महिनं इंजेक्शनं दिली, मी घेतली. एक शबुद बोललो न्हाई. सोळाच्या सोळा. आता ह्ये एक माझं ऐका."

लालासाहेबांनी कपबशी घेतली. उद्या सकाळी निघू म्हणाले.

निघाले खरे, पण पोचतील तर शपथ. गाडी तानाजी चालवत होता, मागं जयराज, रेश्मा आणि मनुबाई. विट्याला चहा हवा झाला. पुढं चाकात हवा कमी वाटली, चारही चाकांत नीट होती. म्हसवडच्या वेशीत आल्यावर म्हणाले, आधी सिद्धनाथाचं दर्शन घेऊ, पत्रिका देवापुढं ठेवू.

"देव कुटं पळून जातोय?" मनुबाई म्हणाल्या. "तानाजी, गाडी सरळ घे."

जयराज बापाच्या मानेकडं बघत होता. ताठ मान, कॉलरला घाम. जन्मभर हा माणूस कशाला घाबरलेला त्यानं बघितला नव्हता, सीमेवरच्या गोष्टी सांगतानाही नाही. मेव्हण्याच्या दारात जायला एवढं काय घाबरायचं? चूक झाली, माहीत नव्हतं, असं म्हणायचं. रिपोर्ट आहे हातात. माहीत नसल्याची माफी मागायला कुणाला जड जातं?

मानसिंगमामा ओसरीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते, शेजारी चार पायांचा वॉकर. सहा वर्षांत ते वीस वर्षांनी म्हातारे झाले होते. दोन्ही दंड उतरून कातडी लोंबत होती. जयराजनं ते बघितलं आणि त्याला कळलं की आपण आपलंच काहीतरी बघतोय. मनुबाई जाऊन भावाच्या गुडघ्याला बिलगल्या. मामी आत चहा ठेवायला गेल्या. या म्हणाल्या, पण हसल्या नाहीत.

लालासाहेबांनी पत्रिकेला कुंकू लावलं, अक्षता ठेवल्या आणि पाठ केल्यासारखं बोलले. आजाराचं नाव, सेहेचाळीस, पुण्याचा रिपोर्ट, जयराजलाही तेच. आम्हाला कुणाला माहीत नव्हतं, झालं गेलं विसरून नंदीच्या मागं तुम्ही यावं. मामांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचं बोलणं जड झालं होतं, शब्द जिभेवर अडून मग बाहेर पडत होते.

"नाव हाय व्हय त्याला," ते म्हणाले. "बरं झालं." मग जयराजकडं वळून त्यांनी विचारलं, "लय दुखतंय का रं रात्री? पिंढऱ्या?"

"व्हय मामा."

"गरम पाणी घेत जा." मग ते लालासाहेबांकडं वळले. "येतो की, दाजी. बसून धरीन तलवार. लिंबू पडलं तर पडूं दे. पर एक इचारायचं हाय. त्या दिशी सकाळी मी खोकल्याचं औषध घेतलं हुतं, दोन चमचं. मी समद्यास्नी त्येच सांगत आलो. तुमास्नी वास आला त्यो औषधाचा असंल, न्हवं?"

किती सोपं होतं. मनुबाईंनी नवऱ्याकडं बघितलं, रेश्मानं बघितलं, तानाजीनं तर मान हलवून सुचवलंसुद्धा. व्हय म्हणायचं, की सगळं मिटलं. औषधाचा वास, आजाराचा थरथराट, कुणाचीच चूक नाही. जयराजला वाटलं, आता आबा व्हय म्हणतील, चहा येईल आणि आपण दिवस मावळायच्या आत घरी जाऊ.

लालासाहेब हातातल्या अक्षता चोळत राहिले.

"न्हाई," ते म्हणाले. "कसलाच वास आला न्हवता."

त्यांनी त्या अक्षता पत्रिकेवर परत ठेवल्या.

"लिंबू पडलं. माणसं हसली. माझ्या लेकाच्या लग्नात हसली. मी तोंडाजवळ गेलो तवाच कळलं, वास न्हाई. पर तवर मी जाऊन हुबा हुतो समद्यांच्या देखत. कायतरी बोलायला पायजे हुतं."

सकाळपासूनच्या चहाचा, हवेचा, देवाचा अर्थ जयराजच्या आता ध्यानात आला. त्याला इतका संताप आला की उठून बाहेर जावंसं वाटलं. पण त्याला हाताचा टेका दिल्याशिवाय उठता येत नव्हतं आणि टेका द्यायला जवळ फक्त आबा होते.

मामा रागावले नाहीत. त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत मान वळवली आणि स्वयंपाकघराकडं बघून हाक मारली.

"ऐकलंस का गं? न्हाई म्हणत्यात."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. सहा वर्षं मामा बाजारातून आले की मामी पाणी द्यायच्या निमित्तानं जवळ जाऊन त्यांच्या तोंडाचा वास घेत, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मामांनी तो रोज घेऊ दिला होता. त्या दारात आल्या, हातात गाळणी तशीच. नवऱ्याकडं त्यांना बघवेना, म्हणून त्यांनी लालासाहेबांकडं बघितलं.

"दाजी, तुमी मांडवात बोलला हुता. आठशे माणसांत, माइकवर. आता बी तितंच सांगा. हितं ओसरीवर सांगून काय उपेग?"

लालासाहेबांनी बायकोकडं बघितलं, ती सोडवील म्हणून. मनुबाई भावाच्या गुडघ्यावर डोकं टेकून बसल्या होत्या, त्यांनी वर बघितलं नाही.

"सांगतो," ते म्हणाले.

"मोठ्यानं," मामी म्हणाल्या आणि चहा गाळायला आत गेल्या.